आधी प्लग, मग कार्ब्युरेटर

सोमाटणे फाट्याच्या गॅरेजमध्ये गिअरची टू-स्ट्रोक स्कूटर आता क्वचितच येते, आणि आलीच तर ती बहुधा बजाजची चेतक असते. 1972 साली ती बाजारात आली. आकुर्डीचा कारखाना इथून याच जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पंधराएक किलोमीटरवर. तिथेच आता विजेवरची चेतक बनते.

जुन्या चेतकच्या मालकाची तक्रार ठरलेली असते : “चोक ओढला की चालू होते, चोक बंद केला की बंद पडते. कार्ब्युरेटर गेलाय.” जाणता मेकॅनिक मात्र कार्ब्युरेटरला लगेच हात लावत नाही. उजवीकडचं कव्हर काढून तो आधी प्लग खोलतो. प्लग काळा, तेलकट, ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरट असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. तांबूस तपकिरी रंग दिसला, तर दुखणं दुसरीकडेच शोधायचं.

चोकवरच चालणारी गाडी पेट्रोलला उपाशी असते, आणि त्यामागे बहुतेकदा कार्ब्युरेटरमधला बुजलेला स्लो जेट असतो. चेतकच्या पेट्रोलमध्ये लिटरला वीसेक मिलीलीटर टू-टी ऑइल घालतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, तेलाचा चिकट थर मागे राहतो. जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं. ते बुजायला कितीसा कचरा लागतो! वरचं झाकण आणि एअर फिल्टर काढला की जेट पेचकसाने वरूनच निघतो. तो उजेडाकडे धरायचा, पेट्रोलमध्ये भिजवायचा, हवेने फुंकायचा. त्यात तार घालणं हा गुन्हाच समजावा. पितळ मऊ असतं. भोक जरा मोठं झालं की जेट कायमचा बिघडला.

मावळातल्या पावसाळ्यात आणखी एक कारण असतं : पाणी. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी उतरतात. मग पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला टाकल्याबरोबर गाडी मिसिंग करू लागते.

उंचीचाही थोडा वाटा आहे. लोणावळ्याची हवा समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणून मुंबईत ट्यून केलेली गाडी घाट चढून आल्यावर जरा जड वाटते. पण तेवढ्याने ती बंद पडत नाही.

जेट स्वच्छ करूनही जेव्हा रेस आपोआप चढते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी उतरत नाही, तेव्हा खरी परीक्षा होते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रॅंककेसमधून सिलिंडरकडे जातं. त्यामुळे क्रॅंकच्या मॅग्नेटकडच्या बाजूचं ऑइल सील गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, आणि मालकाला वाटतं कार्ब्युरेटरच बिघडला. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर निघत राहतो आणि ऑइल कमी होत जातं. अशा वेळी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसणं म्हणजे ताप मेंदूत असताना पायाला लेप लावणं. उलट, हवा खात असलेलं इंजिन तसंच पळवलं तर पिस्टन जाम होतो. क्लचकडचं सील बदलायला तर इंजिन उतरवावंच लागतं. खर्चाचा आकडा ऐकून मालक कचरतो, तरी मेकॅनिकने हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

स्क्रूचीही एक गंमत नवशिक्यांना अडवते. चेतकचा मिश्रणाचा स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. यामाहा आरएक्स 100 च्या मिकुनी कार्ब्युरेटरमध्ये मात्र तो हवेचा स्क्रू असतो. बाहेर काढला की हवा वाढते, पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर नेमका उलटा चालतो. ट्यूनिंग करायचं तेही इंजिन चांगलं तापल्यावरच.

शेवटी कार्ब्युरेटर बसवताना त्याचे दोन नट बेताने आवळायचे. जोर जास्त झाला की बॉडी वाकते, आतली स्लाइड अडकते आणि रेस पुन्हा अडून राहते. असं झालं, तर नवीन कार्ब्युरेटर मागवण्याआधी ते नट जरा सैल करून पाहावेत.