अरबी क्रियापदांचे सांचे

अरबी भाषेच्या अफाट शब्दसंख्येस नवा विद्यार्थी भितो. परंतु तिचे सर्व शब्द सुटे सुटे पाठ करावे लागत नाहींत. ते कांहीं ठराविक सांच्यांतून निघतात. हे सांचे कसे असतात, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

अरबी धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ‘क-त-ब’ ह्या व्यंजनांत लिहिण्याचा अर्थ आहे. व्यंजनांचा क्रम तोच ठेवून मधले स्वर पालटले, किंवा ठराविक अक्षरें जोडलीं, कीं नवे शब्द होतात. ‘कतब’ म्हणजे त्यानें लिहिलें, ‘कातिब’ म्हणजे लिहिणारा, ‘मक्तूब’ म्हणजे लिहिलेलें. जुना करार ज्या इब्री भाषेंत मुख्यतः लिहिला गेला, तीही ह्याच कुळांतली असून तिची रचना अशीच आहे.

क्रियापदाचे नेहमींच्या वापरांतले सांचे दहा. ‘अ-ल-म’ म्हणजे जाणणें, हा धातु पाहूं. ह्यांतील ‘अ’ हें ‘ऐन’ नांवाचें, कंठांतून उच्चारलें जाणारें व्यंजन आहे. ‘अलिम’ म्हणजे त्यानें जाणलें. मधलें व्यंजन दुप्पट केलें कीं ‘अल्लम’, म्हणजे दुसऱ्यास जाणविलें, शिकविलें. त्यापुढें ‘त’ लाविला कीं ‘तअल्लम’, म्हणजे तो स्वतः शिकला. मूळ धातूस ‘इस्त’ जोडलें कीं ‘इस्तअलम’, म्हणजे जाणूं इच्छिलें, चौकशी केली. मात्र सांच्यावरून अर्थाचा रोख तेवढा कळतो. नेमका अर्थ कोशांतच पाहावा लागतो.

फारसीच्या द्वारें हे सांचे आपल्या घरींही आले आहेत. ‘अल्लम’ ह्याचें नाम ‘तअलीम’, म्हणजे शिक्षण. तीच आपल्या मल्लांची तालीम! तपशील व तहसील हे शब्दही ह्याच सांच्याचे. ‘ह-स-ल’ म्हणजे प्राप्त होणें, ह्या धातूपासून प्राप्त झालेलें तें हाशील, वसूल झालेला तो महसूल व वसुली ती तहसील.

ह्या ज्ञानाचें महत्त्व कोश उघडतांच पटतें. हान्स वेर ह्या जर्मन पंडिताच्या १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोशांत शब्द धातूंच्या क्रमानें दिले आहेत. ‘इस्तअलम’ हा शब्द तेथें ‘इ’खालीं शोधणारा रिकाम्या हातीं परततो, ‘अ-ल-म’ ओळखणाऱ्यास त्याबरोबर त्याचें सारें कुटुंब भेटतें. म्हणून विद्यार्थिबंधूंनो, नवा अरबी शब्द समोर आला असतां प्रथम त्याचीं तीन व्यंजनें शोधा, मग सांचा पाहा, आणि त्यानंतरच कोशाकडे वळा.