नडगीचा जंतुसंसर्गित अस्थिभंग : हाड जोडण्यासाठी हाड काढण्याचे शास्त्र

शरीरातील लांब हाडांपैकी सर्वाधिक वेळा मोडणारे हाड म्हणजे नडगीचे हाड होय. त्वचा फाटून हाड उघडे पडण्याचा प्रकारही याच हाडाच्या बाबतीत सर्वांत अधिक आढळतो. याचे कारण शरीररचनेत आहे. मांडीच्या हाडाभोवती चहूबाजूंनी स्नायूंचे जाड आवरण असते. नडगीची आतली बाजू मात्र गुडघ्यापासून घोट्यापर्यंत केवळ त्वचेखाली असते व बोटाने सहज चाचपता येते. हाडाला आतून रक्त पुरविणारी मुख्य धमनी मागच्या बाजूने, वरच्या भागात हाडात शिरते आणि तेथून खाली उतरते. त्यामुळे हाड खालच्या तृतीयांशात मोडले की खालच्या तुकड्याचा हा पुरवठा तुटतो आणि बाहेरून रक्त पुरवू शकेल असा स्नायूही तेथे नसतो. उघडी जखम, रस्त्यावरील माती आणि रक्ताविना पडलेले हाड एकत्र आले की जंतूंना आणखी काही लागत नाही.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला भूगोलाची जोड मिळते. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन्ही वर्दळीचे मार्ग नाशिक शहरात येऊन मिळतात. द्राक्षे, कांदा व टोमॅटो वाहणारी अवजड वाहने, ट्रॅक्टर आणि दुचाकी एकाच रस्त्यावर धावतात. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, आडगाव येथे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खासगी अस्थिरोग रुग्णालयेही आहेत. परंतु सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून जखमी माणूस तेथवर पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. उघड्या अस्थिभंगांविषयी पात्झाकिस व विल्किन्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुखापतीनंतर ३ तासांच्या आत प्रतिजैविक मिळालेल्या रुग्णांत जंतुसंसर्गाचे प्रमाण ४.७ टक्के, तर त्यानंतर मिळालेल्यांत ७.४ टक्के आढळले. ग्रामीण रुग्णालयात दिले जाणारे पहिले इंजेक्शन त्यामुळे क्षुल्लक मानता येत नाही. उघड्या जखमेवर घट्ट बांधलेल्या कामट्या मात्र उरलासुरला रक्तपुरवठाही आवळून टाकतात.

एकदा जंतुसंसर्ग हाडात शिरला की केवळ औषधांनी तो का जात नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. जंतू मृत हाडाच्या तुकड्यावर किंवा बसविलेल्या धातूच्या पट्टीवर चिकटतात व स्वतःभोवती एक चिकट पापुद्रा तयार करतात. या पापुद्र्याआड त्यांची वाढ मंदावते आणि प्रतिजैविके त्यांच्यावर निष्प्रभ ठरू लागतात. शिवाय औषध रक्तातून पोहोचते आणि मृत हाडात तर रक्तच नसते. म्हणूनच गोळ्या चालू असताना जखम कोरडी दिसते व त्या थांबल्या की पुन्हा वाहू लागते. अशी वाहती जखम दशकानुदशके राहिल्यास तिच्या कडेला त्वचेचा कर्करोगही उद्भवू शकतो.

यामुळे पुनर्रचनेची पहिली पायरी हाड जोडण्याची नसून हाड काढण्याची असते. पट्टी, स्क्रू, दांडा असे सर्व धातू काढले जातात. मृत हाड पांढुरके, कोरडे व चकाकी नसलेले दिसते. ते छिन्नीने थराथराने उतरविताना जेथे लाल रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागतात तेथे जिवंत हाड सुरू झाले असे समजतात आणि तेथेच थांबतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून ऊतींचे अनेक नमुने जंतुपरीक्षणासाठी पाठविले जातात. नमुन्यांत जंतू सापडावेत म्हणून, रुग्णाची प्रकृती साथ देत असल्यास, प्रतिजैविके सुमारे दोन आठवडे आधीच थांबविली जातात. वाहत्या जखमेच्या तोंडाशी घेतलेला पुवाचा नमुना फसवा असतो, कारण त्वचेवरील जंतू आणि हाडातील जंतू एकच असतील याची खात्री नसते.

या शस्त्रक्रियेची खरी अडचण तांत्रिक नाही. पाच-सहा सेंटिमीटर हाड काढून टाकायचे म्हणजे आधीच न जुळलेल्या पायात आणखी मोठी पोकळी निर्माण करायची. रुग्णाचे नातेवाईक याला सहजासहजी तयार होत नाहीत आणि शस्त्रवैद्याचा हातही आखडतो. जो तुकडा मोहापायी मागे ठेवला जातो, तोच पुढील शस्त्रक्रियेचे कारण ठरतो. तीन-चार शस्त्रक्रिया होऊनही वाहत राहिलेल्या पायांचा इतिहास तपासला असता अनेकदा हीच गोष्ट दिसून येते.

पोकळीत प्रतिजैविक मिसळलेल्या अस्थिसिमेंटचे मणी ठेवले जातात. तेथे औषधाची जी तीव्रता मिळते ती शिरेतून औषध देऊन मिळविणे शक्य नसते. त्वचा गेली असल्यास वरच्या तृतीयांशात पोटरीचा वरचा स्नायू, मधल्या भागात त्याखालचा सोलियस स्नायू फिरवून आणतात. खालच्या भागासाठी बहुधा शरीराच्या दुसऱ्या भागातील ऊती रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. युगोस्लाव्हियातील स्लोव्हेन शस्त्रवैद्य मार्को गोदिना यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुभवानुसार, असे आच्छादन दुखापतीनंतर ७२ तासांच्या आत केल्यास अपयश व जंतुसंसर्ग दोन्ही फार कमी राहतात.

उरलेली पोकळी भरण्याचा सर्वांत विलक्षण मार्ग सायबेरियातील कुर्गान या शहरात निघाला. गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास तेथे, पायाभोवती धातूची कडी आणि हाडातून आरपार गेलेल्या ताणलेल्या बारीक तारा, अशी रचना विकसित केली. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल याचा १९६५ च्या मोटारसायकल अपघातात मोडलेला व अनेक शस्त्रक्रियांनंतरही न जुळलेला पाय त्यांनी १९६८ मध्ये बरा केल्यावर सोव्हिएत संघात त्यांचे नाव झाले. पाश्चात्त्य जगाला हे तंत्र कळले ते आणखी उशिरा : इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये आपला जुना न जुळलेला पाय घेऊन कुर्गानला गेला आणि १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांनी इटलीतील बेल्लाजिओ येथे व्याख्यान दिले. पुढे हे तंत्र महाराष्ट्रातही रुजले. अकोला येथे डॉ. मिलिंद चौधरी यांनी त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभारले, आणि २०१७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स’मध्ये जंतुसंसर्गित न जुळलेल्या नडगीवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. महानगराबाहेर अशी गुंतागुंतीची शस्त्रक्रिया होऊ शकते, याचे हे उदाहरण नाशिकसारख्या जिल्ह्याला जवळचे वाटावे असे आहे.

या तंत्राचे तत्त्व असे. पोकळीपासून दूर, निरोगी भागात हाड जपून कापतात. त्यावरील आवरण शक्यतो शाबूत ठेवतात. पाच ते दहा दिवस काहीच करीत नाहीत. नंतर कापलेला तुकडा कड्यांवरील नट फिरवून दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत, पोकळीच्या दिशेने सरकवतात. मागे राहणाऱ्या फटीत नवे हाड तयार होत जाते. गती वाढविल्यास नवे हाड बनत नाही, कमी केल्यास फट अकाली बुजते. नट फिरविण्याचे काम घरी रुग्ण स्वतः किंवा कुटुंबीय करतात. अक्षरओळख नसलेल्या घरात कड्यावर रंगाच्या खुणा करून हे शिकविता येते.

गणित सोपे असले तरी ते सोसणे सोपे नाही. ६ सेंटिमीटर पोकळीसाठी तुकडा सरकवायला दोन महिने लागतात आणि नवे हाड घट्ट होण्यास त्याच्या दुप्पट किंवा अधिक काळ. सरकलेला तुकडा जेथे दुसऱ्या टोकाला भिडतो तेथे तो आपोआप जुळेलच असे नसते. पुष्कळदा कमरेच्या हाडाचा कीस तेथे घालावा लागतो. कडी पायात वर्षभर राहणे अपवादात्मक नाही. तारांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग, घोटा खाली वळणे, गुडघा आखडणे हे रोजचेच. तंबाखू व विडी हाड जुळण्यास अडथळा आणतात, हे सांगूनही पाळले जात नाही. फ्रेंच शस्त्रवैद्य आलँ मास्केले यांनी १९८६ पासून वापरलेल्या पद्धतीत पोकळीत प्रथम सिमेंटचा गोळा ठेवतात, सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती रक्ताळलेले आवरण तयार झाल्यावर तो काढून आत हाडाचा कीस भरतात. कड्यांचा काच कमी होतो, परंतु जंतुसंसर्ग पूर्ण गेलेला असणे येथे अधिकच आवश्यक ठरते.

पाय वाचवावा की कापावा, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. अमेरिकेत ५६९ रुग्णांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पायाची पुनर्रचना झालेले आणि पाय कापलेले रुग्ण दोन वर्षांनंतर जवळजवळ सारख्याच स्थितीत आढळले. परंतु हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावणे योग्य नव्हे. भातखाचरातील चिखल, उकिडवे बसणे, डोंगरातील पायवाट यांत कृत्रिम पाय वेगळा वागतो आणि तो दर काही वर्षांनी बदलण्याची सोय सर्वांना नसते. उलटपक्षी, वर्षभर मजुरी बुडणे हेही अनेक कुटुंबांना पेलवत नाही. राज्य शासनाच्या २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या व २०१३ मध्ये राज्यभर पोहोचलेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने, म्हणजेच आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने, शस्त्रक्रियेचा खर्च मोठ्या प्रमाणात उचलला. बुडालेली मजुरी मात्र तिच्या कक्षेत येत नाही. हे सारे हिशोब रुग्णासमोर पहिल्याच भेटीत मांडले गेले, तर काहीजण विचारपूर्वक पाय कापण्याचा पर्याय निवडतील आणि काहीजण कडी. परंतु सहाव्या महिन्यात, कडी पायात असताना आणि घरचे धान्य संपत आले असताना, तो निर्णय घेण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.