फिलेमोनचे पत्र आणि गुलामाचे मौन

धर्मग्रंथ वाचावा कसा, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती न वाचता नव्हे, वाचून जाळली गेली. हा ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणाच्या फायद्यासाठी लिहिला, हे प्रश्न बाबासाहेब प्रत्येक ग्रंथाला विचारत. हेच प्रश्न ख्रिस्ती नव्या करारातील एका लहानशा पत्रालाही विचारले पाहिजेत. कारण ते पत्र एका गुलामाबद्दल आहे.

पौलाने फिलेमोनाला लिहिलेले हे पत्र अवघ्या 25 वचनांचे आहे. काळ साधारण इ.स. 55 ते 62 च्या दरम्यानचा. पौल तुरुंगात आहे. फिलेमोन हा, परंपरेनुसार, आजच्या तुर्कस्तानातील कलस्सै गावचा. घरात ख्रिस्ती मंडळी जमावी एवढे घर असलेला आणि गुलाम बाळगणारा. त्याचा अनेसिम नावाचा गुलाम पौलाकडे आला आणि ख्रिस्ती झाला. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. अनेसिम पळून आला होता असे सर्वत्र सांगितले जाते. पण पत्रात तसे एकही वाक्य नाही. मालक रागावला असता त्याच्या मित्राकडे रदबदलीसाठी जाणारा गुलाम हा पळपुटा नव्हे, असे मत देणारे रोमन कायदेपंडित होते. अनेसिम तसा गेला असणेही शक्य आहे. 'पळपुटा गुलाम' हे लेबल त्याला नंतरच्या वाचकांनी चिकटवले.

नावच बघा. ग्रीक भाषेत अनेसिम म्हणजे 'उपयोगी'. गुलामांना अशी नावे सर्रास ठेवली जात. मनूने शूद्राचे नाव किळस उत्पन्न करणारे असावे असे सांगितले. रोमन जगातला मालक थोडा व्यवहारी, त्याला वस्तूचा उपयोग नावातच लिहून हवा होता! पौलही या नावावर कोटी करतो : पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी झाला आहे, अशा अर्थाची. कोटी प्रेमाने केली आहे, पण माणसाचे मोल उपयोगावरून ठरवण्याची मालकाची भाषा तीत आहेच.

गुलाम म्हणजे काय होते ते त्याच काळातील एका घटनेवरून कळते. इ.स. 61 मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडॅनियस सेकंडस याचा खून त्याच्याच एका गुलामाने केला. मालकाचा खून झाला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे, ही जुनी रीत. त्या घरात 400 गुलाम होते, बायका-मुलांसह. रोमची सामान्य जनता दगड आणि मशाली घेऊन विरोधाला रस्त्यावर उतरली. सिनेटने ऐकले नाही, नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि सर्वांना ठार केले गेले. इतिहासकार टॅसिटसने हे लिहून ठेवले आहे.

अशा जगात पौल मालकाला लिहितो की याला गुलाम म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून स्वीकार. याचे तुला काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. शिवाय पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणारी मंडळी यांनाही ते उद्देशून आहे, म्हणजे चारचौघांत वाचले जाणार. शेवटी पौल आपल्यासाठी राहण्याची खोली तयार ठेवायला सांगतो. म्हणजे मी येऊन पाहणार आहे! मालकावर असा दबाव आणणे त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तिचे श्रेय पौलाला दिलेच पाहिजे.

पण 'याला मुक्त कर' हे शब्द पत्रात नाहीत. गुलामी अन्याय आहे, हेही नाही. आणि ज्याच्याबद्दल सारे चालले आहे तो अनेसिम एक शब्दही बोलत नाही.

येथे लगेच सांगितले जाते की त्या काळी तसेच होते. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. मनूचे वकीलही हेच वाक्य वापरतात. पण 'त्या काळी' म्हणजे कोणाच्या काळी? पौलाचा समकालीन ज्यू तत्त्वज्ञ फिलो लिहितो की एसिन पंथाचे लोक एकही गुलाम ठेवत नसत आणि गुलाम बाळगणाऱ्यांना अन्यायी म्हणत. रोमच्या रस्त्यावर उतरलेली माणसेही त्याच काळातली. तेव्हा काळाची चौकट जरूर लावावी, पण ती आरोपीला निर्दोष सोडण्यासाठी नव्हे.

हीच फूटपट्टी आपल्या घरातही लावली पाहिजे. भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापार आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण विनयपिटकाच्या महावग्गात असाही नियम आहे की दासाला प्रव्रज्या देऊ नये. एक पळालेला दास भिक्खू झाला, लोकांनी तक्रार केली आणि नियम आला, असे तेथेच सांगितले आहे. कर्जदार आणि राजाचे सैनिक यांच्याबद्दलही तसेच नियम आहेत. सत्ता आणि मालमत्ता यांच्यापुढे संघाला कोठे थांबावे लागले, ते यातून दिसते. हे लपवून आपण बायबलची चिकित्सा करायला निघालो, तर आपल्यात आणि मनूच्या वकिलांत फरक तो काय?

फिलेमोनच्या पत्रातील त्या मौनाची किंमत पुढे कोणी मोजली? चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम या मोठ्या धर्मोपदेशकाने या पत्रावरून धडा काढला की गुलामांना मालकांपासून दूर करू नये. अमेरिकेत 1850 साली पळालेले गुलाम पकडून परत देण्याचा कायदा झाला, तेव्हा त्याचे समर्थक पौलाकडेच बोट दाखवत. पौलानेही परत पाठवलाच ना! पत्रातला 'भाऊ' त्यांना दिसला नाही. (जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती मात्र गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना.)

जॉर्जिया राज्यात लिबर्टी नावाचा परगणा आहे. लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य! तेथे 1833 साली चार्ल्स कोलकॉक जोन्स हा गोरा पाद्री गुलामांच्या मोठ्या सभेपुढे याच पत्रावर प्रवचन करीत होता. गुलामाला वाचायला शिकवणे त्या राज्यात 1829 च्या कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे पत्रात काय आहे हे पाद्री सांगेल तेवढेच. पळून जाणे पाप आहे, पौलाची तशी आज्ञा आहे, असे तो सांगू लागताच अर्धी सभा उठून चालती झाली. उरलेल्यांतही नाराजी होती. असे पत्र बायबलात नाहीच, असे काही जण म्हणाले. ही शुभवार्ता नव्हे, असे दुसरे म्हणाले. आणखी काही म्हणाले की हा मालकांना खूष करण्यासाठी बोलतो, याचे प्रवचन पुन्हा कानावर नाही पडले तरी चालेल. हे सारे त्या पाद्रीनेच आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे.