वेगळी खोली घ्या, पण आधी घोरणे नीट ऐका

नवरा-बायको वेगळ्या खोलीत झोपू लागले की संसारात काहीतरी बिनसले, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात कारण पुष्कळदा साधे असते. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याचा उशिरापर्यंत चालणारा मोबाइल किंवा घोरणे. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी. ती मिळत नसेल, तर दोघांच्या संमतीने वेगळे झोपण्यात कमीपणा नाही.

मात्र कारण घोरणे असेल, तर खोली बदलण्याआधी ते नीट ऐका. ‘स्लीप अ‍ॅप्निया’ या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि माणूस गुदमरल्यासारखा श्वास ओढतो. असे रात्रभर चालते, पण सकाळी त्याला बहुधा काहीच आठवत नाही. म्हणून ओपीडीत आम्ही सोबत आलेल्या जोडीदाराला विचारतो, ‘घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो का?’ रुग्ण म्हणतो, ‘छे, मी कुठे घोरतो?’ खरे उत्तर जोडीदाराकडेच असते. खोल्या वेगळ्या झाल्या की हा साक्षीदारच जातो.

घोरण्यासोबत दिवसा पेंग येत असेल, सकाळी डोके दुखत असेल किंवा गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. उपचार न केल्यास हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो; गाडी चालवताना डुलकी लागते ती वेगळीच. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हे प्रमाण वाढते, पण संकोचामुळे त्या घोरण्याबद्दल बोलत नाहीत.

‘स्लीप स्टडी’ या तपासणीने निदान होते. वजन कमी करणे, दारू टाळणे, कुशीवर झोपणे याने बऱ्याच जणांना फरक पडतो. आजार जास्त असल्यास मास्कमधून दाबाने हवा देणारे ‘सीपॅप’ यंत्र लागते. ते नियमित वापरले की घोरणे थांबते आणि काही जोडपी पुन्हा एका खोलीत झोपू लागतात.

ज्यांना वेगळेच बरे वाटते, त्यांनी तसेच झोपावे. फक्त अधूनमधून एखादी रात्र एकमेकांचा श्वास ऐकावा आणि शंका आली तर मोबाइलवर आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवावा.