गंज चढवण्याचं शास्त्र (आणि बाबांची टॅक्सी)

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी हा विषय फक्त पास होण्यापुरता होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर मला नाही, संपादकांना धरा!

आता मुद्द्याचं. माझ्या रूमवर येणारा प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो, "अरे, चांगली नवी गाडी आणतोस आणि तिची वाट कशाला लावतोस?" त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हा लेख. छोट्या मॉडेल गाड्या रंगवून त्या जुन्या, वापरलेल्या, गंजलेल्या दिसतील असं करायचं, हा माझा छंद. याला वेदरिंग म्हणतात.

मी पहिल्यांदा हे केलं ते प्रीमियर पद्मिनीवर, म्हणजे आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर. ही गाडी १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. माझे बाबा हीच टॅक्सी चालवायचे. त्यांची गाडी १९९९ ची, ती २०१९ मध्ये भंगारात गेली. माझ्या कॉन्व्हेंटची फी त्याच गाडीच्या मीटरमधून आली, हे वेगळं सांगायला नको.

तर बाबांच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून मी खेळण्यांच्या दुकानातून एक पद्मिनी आणली. ब्राऊन आणि ऑरेंज रंग घेतला आणि दिसेल तिथे गंज फासला. रूममेट म्हणाला, "चॉकलेट केक झालाय." मी दुर्लक्ष केलं. बाबांनी मात्र गाडी हातात घेतली, चष्मा लावला, फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "छपराच्या मधोमध गंज कुठून आला रे? तिथे पाणी थांबतं का?"

मला उत्तर देता येईना. कोरोजनचा चॅप्टर दोन वेळा पाठ केलेला पोरगा मी!

तोच चॅप्टर मग पुन्हा उघडला. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि मीठ असलं की पाण्यातून करंट सहज वाहतो, म्हणून काम आणखी लवकर होतं. पण खरी गंमत पुढे आहे. लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला तर कडेला हवा भरपूर मिळते आणि मध्ये कमी. जिथे हवा कमी, तिथलं लोखंड झिजतं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांचा हा प्रसिद्ध प्रयोग. म्हणजे उघडा, लगेच वाळणारा पत्रा बराच काळ टिकतो, आणि चिखल साचणारी, पाणी तुंबणारी, वारा न लागणारी जागा आधी जाते. मडगार्डची आतली बाजू, दाराचा खालचा काठ, डिकीचा तळ, छपरावर कॅरियरचे पाय टेकतात ती जागा. बाबा हेच सांगत होते, फक्त त्यांनी चॅप्टर वाचला नव्हता.

बाबांनी आणखी एक सांगितलं, "आधी फोड येतो, मग भोक पडतं." तेही बरोबरच. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून तो खालून रंगाला वर ढकलतो. ताजा गंज नारिंगी, जुना गंज गडद, जवळजवळ काळसर. आणि गंजाचं पाणी नेहमी खालीच ओघळतं. हे सगळं डोक्यात ठेवून दुसरी गाडी आणली. तिची कृती अशी:

१. मोजमाप. खरी पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब, माझं मॉडेल ११ सेंटीमीटर, म्हणजे स्केल साधारण १:३६. ब्रशचा ३ मिलिमीटरचा ठिपका खऱ्या गाडीवर जवळजवळ ११ सेंटीमीटरचा होतो! माझ्या केकचं रहस्य हेच होतं. म्हणून ठिपके टाचणीच्या टोकाएवढे ठेवा.

२. तयारी. गाडी खोला, काचा आणि चाकं वेगळी ठेवा. भांड्यांच्या साबणाने धुवा, बारीक पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर. स्प्रे लांबून, पातळ थर. थिनर जपून, तो प्लास्टिक खातो. हे काम गच्चीवर आणि मास्क लावून करा. (रूममध्ये केल्यास रेक्टर सरांना काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

३. मिठाची युक्ती. जिथे गंज हवा तिथे आधी गडद तपकिरी रंग द्या आणि एक दिवस वाळू द्या. त्यावर पाण्याचं बोट फिरवून मेसमधलं जाडं मीठ चिकटवा. वाळलं की वरून टॅक्सीचा काळा रंग स्प्रे करा. हा रंग वाळला की पाण्याखाली धरून अंगठ्याने मीठ चोळून काढा. मीठ निघतं, त्याबरोबर वरचा रंग निघतो आणि खालचा 'गंज' डोकावतो, अगदी पोपडे निघाल्यासारखा. खऱ्या गाडीला जे मीठ कुजवतं तेच इथे कामाला येतं. टीप: काळा रंग अगदी डांबरासारखा नको, थोडा राखाडी मिसळा. उन्हातला जुना काळा असाच दिसतो.

४. स्पंज. भांडी घासायच्या स्पंजचा छोटा तुकडा रंगात बुडवा, बहुतेक रंग कागदावर पुसून टाका आणि कडांवर हलकेच टेकवा. आधी गडद, मग मध्यभागी अगदी थोडा नारिंगी.

५. वॉश. काळा-तपकिरी रंग भरपूर पाण्यात, त्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे तो फटींमध्ये नीट शिरतो. वरचा पुसताना हात नेहमी वरून खाली. ओघळ आपोआप येतात.

६. पावडर. यासाठी महागडे रंग लागत नाहीत. कुंड्यांना लावतो तो गेरू मुळात लोखंडाचं ऑक्साइडच आहे! शिवाय वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब करताना पडलेला कीस डबीत घेऊन मिठाच्या पाण्याने ओला केला आणि उघडा ठेवला, तर चार-पाच दिवसांत अस्सल गंज तयार. (वर्कशॉपचे सर, तो कीस मी कशाला नेत होतो ते आता तुम्हाला कळलं.) सुक्या ब्रशने ही पावडर थोडी थोडी लावा.

७. मॅट वार्निश. शेवटी एक पातळ हात. हे विसरू नका. का, ते पुढे येतंच.

दुसरी गाडी घेऊन घरी गेलो. गंज बरोबर जागी होता. बाबा म्हणाले, "आता जमलंय. पण ही माझी गाडी नाही."

मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ड्रायव्हरच्या खिडकीच्या काठावर कोपर टेकून टेकून रंग उडाला होता, पण गंज नव्हता, पत्रा चकचकीत झाला होता. मागच्या दाराच्या हँडलभोवती पॅसेंजरच्या नखांचे ओरखडे. डिकीच्या तोंडाशी बॅगा घासल्याच्या खुणा. डाव्या मडगार्डवर लांबी भरून रंग मारलेला एक चौकोन, शेजारच्या काळ्यापेक्षा जरा जास्तच काळा. "गंज म्हणजे गाडीकडे लक्ष नव्हतं," ते म्हणाले. "झीज म्हणजे गाडी चालली. मी रोज पहाटे पुसायचो तिला."

मित्रांनो, वेदरिंगमध्ये मी शिकलो ते एवढंच. गाडी जुनी दिसणं सोपं आहे. ती कशी जगली, हे आधी कुणाला तरी विचारावं लागतं.

तिसरी गाडी मी त्यांना विचारून विचारून केली. गंज फक्त मडगार्डच्या आत आणि दाराखाली. कोपराच्या जागी सहा-बीच्या पेन्सिलचा शिसा बोटाने घासला, तो अगदी धातूसारखा चमकतो. टायरवर आणि बोनेटवर धुळीचा हलका हात. तीन आठवडे लागले. सेमिस्टरचं सबमिशन तोंडावर होतं, त्यामुळे वार्निश राहिलं.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तर पद्मिनी टीव्हीशेजारी उभी. धूळ गायब! बोनेट लख्ख. आई हसायला लागली. बाबा रोज पहाटे उठून पिवळ्या फडक्याने तिला पुसतात म्हणे.

मी काही बोललो नाही. वार्निशची बाटली बॅगेतच ठेवली.