झाकले गेलेले दात

बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूने गेले म्हणजे बालाघाटच्या डोंगरकुशीत जे कपिलधार लागते, तेथे कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास वीरशैव भाविकांचा समुदाय लोटतो. आणि त्याच सुमारास, मुकादमाची उचल घेतलेल्या जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या लेकराबाळांसह साखर कारखान्यांची वाट धरतात. दातांच्या इलाजाशी या स्थलांतराचा फार निकटचा संबंध आहे.

दात मिटले असता वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्यांना दोन-तीन मिलिमीटर झाकावे हे स्वाभाविकच होय. परंतु हे आच्छादन त्याहून बरेच वाढले, कधी तर इतके की खालच्या दातांच्या कडा टाळूत रुतू लागाव्यात, तेव्हा त्या विकृतीस दंतवैद्य ‘डीप बाईट’ म्हणतात. पुढचे दात अधिक उगवलेले, की दाढा पुरेशा वर न आलेल्या, की जबड्याची ठेवणच तशी, याचा निवाडा झाल्यावाचून तारेला हात लावू नये.

वाढत्या वयाच्या मुलास वरच्या दातांमागे ओटा असलेली काढघालीची प्लेट देतात. खालचे पुढचे दात त्या ओट्यावर टेकले म्हणजे दाढांमध्ये फट राहते आणि ती भरून काढण्यास दाढा आपोआप उगवू लागतात. वाढ संपलेल्या माणसाचे, विशेषतः ज्याचा चेहरा मुळातच लांबट त्याचे, पुढचे दातच हाडात आत सारावे लागतात. चार्ल्स बर्स्टोन यांनी १९७७ साली या पद्धतीचे विवेचन केले. तीत एकेका दातावर दहा-वीस ग्रॅमांचाच भार पुरतो, जास्त झाल्यास मूळ झिजण्याचे भय असते. १९८३ साली तर क्रीकमोर व एकलंड यांनी नाकाखालच्या हाडात बारीक स्क्रू बसवून त्याच्या आधाराने वरचे दात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. हाड सजीव आहे, दाबाच्या अंगाला त्याच्या पेशी ते विरघळवतात, ताणाच्या अंगाला नवे रचतात, आणि या घडामोडीला दीड-दोन वर्षांची मुदत व महिन्यागणिक तपासणी लागते.

दहा ते तेरा हे वय प्लेटला सर्वांत अनुकूल. पण नेमक्या त्याच वयाचे पोर सहा महिने उसाच्या फडात असते, आणि प्लेट घालण्यात खंड पडला की साधलेले हातचे जाते. म्हणून आईबाप तोडीला गेल्यावर गावीच राहणाऱ्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून दरमहा एका दंतवैद्याच्या फेरीची तजवीज व्हावी, असे मला आग्रहाने वाटते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटरांचे आहे, आणि ते पोराने कापण्यापेक्षा वैद्याने कापणे सोपे.