छत उंच करावं की गाडीच बदलावी?

मैत्रिणींनो, काही प्रश्न दिसायला गाडीचे असतात, पण खरे ते घरातल्या माणसाचे असतात. आमचा हा प्रश्न तसाच.

आमची 2012 ची व्हॅन. मागच्या सीट दुमडल्या की दोघांना सहज आडवं होता येई. गाद्या, पाण्याची कॅन, शिधा, स्टोव्ह घेऊन शेगाव, लोणार, माहूर, पंढरपूर असं आम्ही हिंडायचो. स्वयंपाक बाहेर झाडाखाली, झोपायला गाडी. लॉजचा खर्च वाचायचा, आणि सासूबाईंना परक्या खोलीत झोप लागत नाही, तीही लागायची.

गेल्या कार्तिकीला परतताना त्या गाडीत लुगडं सावरायला उठल्या अन् कमरेत उसण भरली. "मले आता नको नेत जाऊ, पोरी. वाकून वाकून जीव जाते," म्हणाल्या. त्या आमच्यासोबत नाहीत अशी वारी मला कल्पनेतही आवडेना.

आमचे हे लगेच गॅरेजवाल्याला भेटून आले. छत कापून वर दीड फुटाचा टप बसवायचा, खर्च सव्वा लाख. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीतूनच उंच छत आलेली जुनी गाडी घ्यायची. आमची विकून वर अडीच लाख घालावे लागणार होते. त्यातला एक लाख माझ्या भिशीचा, पापडाच्या मशीनसाठी साठवलेला! मन साहजिकच छताकडे झुकलं.

तरी म्हटलं, आधी विचारून घेऊ. बुलढाण्याला आरटीओत गेलो. तिथे कळलं, 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते.

आमच्या ओळखीच्या जुन्या मेस्त्रींनी तर एका वाक्यात समजावलं, "वहिनी, छत म्हणजे डब्याचं झाकण नव्हे." गाडी उलटली तर छत आणि खांबच आतल्या माणसांना वाचवतात. ते कापलं की सांगाडा कमजोर होतो. वर वजन वाढलं की तोल वर सरकतो अन् वळणावर गाडी जास्त झुकते. मला एकदम राजूर घाट आठवला, अन् मागे झोपलेल्या सासूबाई.

आणखी एक हिशेब होता. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. आमची 2027 ला संपणार, मग तपासणी आणि नूतनीकरण. इतक्या जुन्या गाडीत सव्वा लाख ओतायचे, तेही कागदावर न बसणाऱ्या छतासाठी?

जुनी विंगर घेतली. तुम्हीही घेणार असाल तर चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 मागा. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज द्यायचा. विमाही आपल्या नावावर करून घ्या. "करू नंतर" म्हणत बसू नका.

भिशीचे पैसे माझे, म्हणून आरसीवर नावही माझंच लावा, असं मी जरा घाबरतच म्हटलं. यांच्याआधी सासूबाईच म्हणाल्या, "बरोबर बोलून रायली ते!"

गाडी दारात आली त्या दिवशी त्या आत चढल्या, सरळ उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट केला. पापडाचं मशीन पुढच्या भिशीत बघू.